कॉट्सवोल्ड्समधले जुने दगडी घर कसे वाचावे

इंग्लंडमध्ये बाथपासून चिपिंग कॅम्पडनपर्यंत पसरलेल्या कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांमधील खेडी पाहायला जाणाऱ्यांत आता मराठी कुटुंबेही बरीच दिसतात. बायबरी, कासल कूम किंवा ब्रॉडवे येथे बसगाडी थोडा वेळ थांबते, छायाचित्रे काढून होतात, मधाच्या रंगाच्या भिंतींचे कौतुक होते आणि घर मात्र पाहायचे राहून जाते. दगड कसा बसवला आहे, छप्पर किती उभे आहे, खिडकीच्या कडेला कोणता घाट दिला आहे, भिंतीत सांधा कुठे आहे, या बारकाव्यांकडे ओळीने कसे जावे हे सांगण्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. माझे मुख्य म्हणणे एवढेच आहे की अशा घराला एकच एक वय नसते. भिंत एका शतकातली, खिडकी दुसऱ्या आणि छप्पर तिसऱ्या शतकातले असू शकते. म्हणून ‘हे घर किती जुने’ असे विचारण्याआधी ‘याचा कोणता भाग आधीचा आणि कोणता नंतरचा’ असे विचारावे. आधी क्रम लागला पाहिजे. तारखेचा अंदाज त्यानंतर बांधता येतो.

सोबत एक वही, लहान दुर्बीण आणि भिंग असले की पुरे. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात भिंत सपाट दिसते, तर सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तिच्यावरचे सांधे, फुगवटे आणि बुजवलेल्या जागा सावल्यांमुळे उठून दिसतात. इंग्लंडमधला हिवाळा या कामाला फार चांगला, कारण सूर्य दिवसभरच खाली असतो आणि भिंतीवरच्या वेलींची पाने गळालेली असतात. एक गोष्ट मात्र कायम ध्यानात ठेवावी. या घरांत माणसे राहतात. रस्त्यावरून, अंगणाच्या कुंपणाबाहेरून जेवढे दिसेल तेवढेच पाहावे आणि कोणाच्याही खिडकीला नाक लावू नये.

आधी दगड

घरापाशी पोहोचल्यावर सर्वप्रथम दगड पाहावा, कारण पुढचे जवळपास सगळे त्याच्यावरून ठरले आहे. कॉट्सवोल्ड्सचा दगड हा ज्युरासिक कालखंडाच्या मध्यावर, साधारण १७ कोटी वर्षांपूर्वी, उथळ व उबदार समुद्रात साचलेला चुनखडक आहे. भिंगातून पाहिले तर त्यात खसखशीसारखे बारीक गोल कण एकमेकांना चिकटलेले दिसतात. शिंपल्याचा किंवा वाळूचा एखादा कण समुद्राच्या तळाशी लाटांबरोबर लोळत राहिला, त्याच्याभोवती चुन्याचे थर चढत गेले आणि असे कण तयार झाले. या खडकाला ऊलाइट म्हणतात. खाणीतून नुकताच काढलेला ऊलाइट ओलसर आणि मऊ असतो, तो करवतीने कापता येतो आणि हवेत राहिल्यावर त्याचा पृष्ठभाग कडक होत जातो. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टवर छिन्नी चालवणाऱ्या पाथरवटाला जे कोरीव काम दिवसचे दिवस पुरले असते ते इथे कितीतरी कमी श्रमात होई, आणि म्हणूनच या भागात विणकराच्या किंवा मध्यम शेतकऱ्याच्या घरालासुद्धा घडीव दगडाची खिडकी परवडली.

दगडाचा सोनेरी रंग लोहाच्या संयुगांमुळे येतो आणि तो सगळीकडे सारखा नाही. उत्तरेकडे चिपिंग कॅम्पडन व ब्रॉडवेला तो गडद मधासारखा आहे, तर दक्षिणेकडे पेन्सविकला आणि बाथला फिकट होत जवळजवळ सायीच्या रंगाचा होतो. पूर्वेला बॅनबरीच्या बाजूला गेल्यास तांबूस-तपकिरी लोहदगडाची घरे सुरू होतात. पूर्वी दगड लांबून वाहून आणणे फार महाग पडत असल्यामुळे साध्या घरांचा दगड गावाजवळच्याच खाणीतला असे. त्यामुळे एखाद्या भिंतीत वेगळ्याच रंगाचा किंवा पोताचा दगड दिसला तर तो कुठून आला हा प्रश्न वहीत लिहून ठेवावा. कधी तो मोडलेल्या मठाचा किंवा वाड्याचा पुन्हा वापरलेला दगड असतो. कधी दोन-चार दगड गुलाबी-लालसर झालेले दिसतात. लोह असलेला चुनखडक तापला की असा लाल होतो, म्हणजे तिथे कधीतरी आग लागली असावी किंवा जुन्या चुलाण्याचे दगड काढून भिंतीत बसवले असावेत.

छप्पर

दगड पाहून झाला की नजर थेट वर न्यावी. माझ्या मते छप्पर हा या घरांचा सर्वांत मोठा विचार आहे आणि लोक त्याच्याकडेच सर्वांत कमी पाहतात.

जुने छप्पर दगडी कौलांचे असते. ही कौले खऱ्या अर्थाने पाटीच्या दगडाची नसून पातळ थरांत फुटणाऱ्या चुनखडकाचीच असतात. ऑक्सफर्डशायरमधील स्टोन्सफील्ड हे गाव यासाठी प्रसिद्ध होते. तिथे जमिनीखालून मोठमोठे दगड काढून ते हिवाळा येईपर्यंत ओलसर ठेवत, आणि कडाक्याची थंडी पडली की उघड्यावर मांडत. दगडाच्या थरांत शिरलेले पाणी गोठून फुगे आणि दगड आपोआप पातळ पापुद्र्यांत सुटे. दगड आधीच वाळला तर मग तो फुटत नसे. म्हणून हिमाची रात्र आली की चर्चची घंटा वाजवून गावाला उठवत आणि सगळे जण दगडांवरचे आच्छादन काढायला धावत, असे तिथे सांगितले जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा उद्योग बंद पडला.

असे कौल जाड, खडबडीत आणि थोडे सच्छिद्र असते. पाणी त्यावर रेंगाळले तर आत मुरते, म्हणून उतार उभा ठेवावा लागतो. बहुधा तो पन्नास अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. छपराचे ओझेही प्रचंड, चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास, त्यामुळे खाली ओकच्या लाकडाचे जाड वासे लागतात आणि भिंतीही रुंद लागतात. उभ्या उतारामुळे छपराखाली उंच पोकळी तयार होते. ती वाया घालवणे कोणाला परवडणार? त्या पोकळीत माळ्याची खोली आली, त्या खोलीला उजेड हवा म्हणून समोरची भिंतच वळचणीच्या वर त्रिकोणात चढवून तिच्यात खिडकी बसवली गेली. कॉट्सवोल्ड्सच्या घराची ओळख झालेले ते दर्शनी गेबल असे घडले आहे.

आता दुर्बिणीने कौलांच्या रांगा मोजत वर जावे. वळचणीपाशी सर्वांत मोठी कौले असतात, कधी दोन फुटांपर्यंत लांब, आणि आढ्याकडे जाता जाता ती लहान होत शेवटी वीतभरही उरत नाहीत. खाणीतून निघालेला प्रत्येक तुकडा वापरात यावा, जड कौलांचे ओझे भिंतीवर यावे आणि लहान तुकडे वरच्या, कमी पाणी वाहणाऱ्या भागात जावेत, असा त्यामागचा हिशेब होता. प्रत्येक कौलाच्या माथ्याला एक भोक पाडून त्यात ओकची खुंटी घालत आणि त्या खुंटीने कौल आतल्या रिपेवर अडकवत. कौलांच्या रांगा वरपासून खालपर्यंत अगदी एकसारख्या मापाच्या दिसल्या तर ती बहुधा काँक्रीटची नक्कल आहे, असे समजायला हरकत नाही. नक्कल लांबून फसवते, पण तिच्या कडा फार सरळ असतात.

गेबलचे छोटे छप्पर मुख्य छपराला जिथे मिळते त्या खोलगट सांध्याकडे विशेष पाहावे. तिथे शिशाचा पत्रा घातलेला नसून कौलेच तासून, तिरपी लावून एका वळणात फिरवलेली असतील तर ते जुन्या पद्धतीचे आणि फार कसबी काम आहे. शिसे महाग होते म्हणून ही पद्धत आली आणि ती अजून टिकून आहे. आजही हे काम येणारे कारागीर थोडे आहेत.

छपराची आणखी एक खूण धुराड्यावर असते. धुराड्याच्या अंगावर छपराच्या थोडे वर दगडाची एक लहान पट्टी बाहेर काढलेली दिसते. धुराडे आणि छप्पर यांच्या सांध्यात पाणी शिरू नये म्हणून ती असते आणि ती कौलांना जवळजवळ टेकलेली असायला हवी. ती पट्टी कौलांपासून बरीच वर, हवेत सुटलेली दिसली तर पूर्वीचे छप्पर आजच्यापेक्षा खूप जाड होते, म्हणजेच घर आधी गवताने शाकारलेले होते, असा अंदाज बांधता येतो. मला स्वतःला ही खूण फार आवडते, कारण ती रस्त्यावरून दिसते आणि क्वचितच खोटी ठरते.

पन्हळीसाठी लावलेले ओतीव लोखंडाचे नळ मात्र नंतरचे समजावेत. जुन्या घरात पाणी वळचणीवरून सरळ खाली पडत असे.

धुराडे कुठे आहे

धुराड्याची जागा घराचा आराखडा सांगते. ते घराच्या टोकाच्या भिंतीवर असेल तर आत एक किंवा दोन खोल्या रांगेत असून टोकाच्या खोलीत मोठे चुलाण असणार. मध्यावर असेल तर दोन खोल्यांना पाठीला पाठ लावून दोन चुलाणी मिळाली असणार. लांबलचक रांगेतील घरे मुळात किती होती हेही धुराड्यांवरून कळते, दारांवरून नाही, कारण दोन घरे जोडून एक करताना दार बुजवले जाते, पण धुराडे बहुधा तसेच राहते. धुराड्याजवळच्या भिंतीला बाहेरून गोलसर फुगवटा आणि त्यावर स्वतःचे छोटे छप्पर असेल तर ती पाव भाजण्याची भट्टी होय.

मध्ययुगातल्या घरांना धुराडेच नसे. मधल्या दालनात जमिनीवर आगटी असे आणि धूर छपरातून वाट काढी. दगडी धुराडी आणि माळ्याच्या खोल्या साध्या घरांत सोळाव्या-सतराव्या शतकांत आल्या. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ साली असे मांडले की १५७० ते १६४० या काळात ग्रामीण इंग्लंडची मोठ्या प्रमाणावर पुनर्बांधणी झाली. पुढच्या अभ्यासकांनी ही लाट प्रत्येक भागात वेगळ्या वेळी आल्याचे दाखवले आहे, तरी कॉट्सवोल्ड्समध्ये आज उभी असलेली बरीच घरे सतराव्या शतकाच्या आसपासची आहेत हे खरे. त्याआधीच्या गरीब मजुरांच्या झोपड्या जवळजवळ सगळ्या नाहीशा झाल्या. आपण ज्यांना आज गरिबाचे टुमदार घर समजतो ती बहुधा स्वतःची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांची, कारागिरांची, म्हणजे थोडीफार ऐपत असलेल्यांची घरे होती.

खिडक्या

या भागातल्या नमुनेदार खिडकीला दगडी चौकट असते आणि तिचे उभ्या दगडी दांड्यांनी दोन, तीन किंवा चार खण पाडलेले असतात. या दांड्याला मलियन म्हणतात. खिडकीच्या डोक्यावर दगडाची बाहेर आलेली पट्टी असते, जिची दोन्ही टोके खाली वळलेली असतात. भिंतीवरून ओघळणारे पाणी काचेवर न येता बाजूला जावे यासाठी ही सोय आहे. तळमजल्यावर तीन किंवा चार खण, वर दोन आणि गेबलमध्ये त्याहून लहान खिडकी, असा उतरता क्रम साधलेला असेल तर ते दर्शन एकाच वेळी, विचारपूर्वक बांधलेले असण्याची शक्यता मोठी आहे. क्रम बिघडलेला असेल, वर मोठी आणि खाली लहान खिडकी असेल, तर मध्ये काहीतरी बदलले आहे.

मलियनच्या कडेवर बोट फिरवल्यासारखी नजर फिरवावी. कडेला आत वळलेली पोकळ गोलाई दिली असेल तर खिडकी सोळाव्या किंवा सतराव्या शतकाच्या सुरुवातीची असू शकते. बाहेर फुगलेली गोलाई सतराव्या शतकात लोकप्रिय झाली. साधा सपाट दांडा आणखी नंतरचा असू शकतो. पण येथे सावध राहणे आवश्यक आहे. लंडनमध्ये आणि शहरांत वर सरकणाऱ्या लाकडी खिडक्या रूढ झाल्यानंतरही कॉट्सवोल्ड्सच्या गवंड्यांनी मलियनच्या खिडक्या अठराव्या शतकातही घडवल्या. त्यामुळे केवळ खिडकीवरून घराचे वय ठरवू नये. दगडी चौकटीऐवजी वर ओकची जाड फळी आणि आत लाकडी झडपा असतील तर घर कमी ऐपतीच्या माणसाचे किंवा नंतरच्या काळातले, असे बहुतेकदा दिसून येते. जुन्या लोखंडी झडपांत शिशाच्या बारीक पट्ट्यांनी जोडलेली छोटी तावदाने असतात, आणि हाताने फुंकलेल्या काचेत आकाशाचे प्रतिबिंब किंचित हललेले दिसते.

बुजवलेली खिडकी दिसली की वाटाडे हमखास खिडक्यांवरच्या कराची गोष्ट सांगतात. हा कर १६९६ ते १८५१ या काळात होता हे खरे, पण खिडक्यांच्या संख्येवरून होणारी वाढीव आकारणी सुरुवातीला दहा आणि १७६६ नंतर सात खिडक्यांपासून पुढे लागू होती. दोन खोल्यांच्या घराला सात खिडक्या कुठून असणार? लहान घरातली बुजवलेली खिडकी बहुधा आत जिना, कपाट किंवा चुलाण सरकल्यामुळे बंद झालेली असते, म्हणून कराचे कारण मान्य करण्याआधी घरातल्या खिडक्या मोजाव्यात.

भिंत आणि तिचे सांधे

घराचा खरा इतिहास भिंतीत असतो आणि इथे सर्वाधिक वेळ द्यावा. साध्या घराची भिंत डबराची असते, दीड ते दोन फूट जाड. तिचे बाहेरचे आणि आतले असे दोन पदर वेगवेगळे रचलेले असतात आणि मधला गाभा लहान दगड, माती व चुन्याने भरलेला असतो. हे दोन पदर एकमेकांपासून सुटू नयेत म्हणून ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालावे लागतात. महाराष्ट्रातल्या वाचकाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको: ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळून जी हानी झाली तिच्यामागे असे दुवा साधणारे दगड नसणे हे एक मोठे कारण होते. इंग्लंडमध्ये भूकंपाचा धोका फार कमी, पण गाभ्यात पाणी शिरले तर तिथेही बाहेरचा पदर पोट काढतो. भिंतीच्या कडेशी उभे राहून तिच्या लांबीच्या दिशेने पाहिले की फुगवटा लगेच कळतो. फुगवट्यापाशी इंग्रजी एस किंवा एक्सच्या आकाराची लोखंडी पट्टी दिसली तर आतून सळई घालून भिंत खेचून धरलेली आहे.

घराच्या कोपऱ्यांना मोठे, घडीव दगड आडवे-उभे आलटून पालटून लावलेले असतात. असे कोपऱ्याचे दगड भिंतीच्या मध्येच, वरपासून खालपर्यंत एका उभ्या रांगेत दिसले तर पूर्वी घर तिथे संपत होते. तो घराचा जुना कोपरा आहे आणि त्यापुढचा भाग नंतर जोडलेला आहे. कोपऱ्याचे दगड ज्या भागाचे आहेत तो भाग आधीचा, हा नियम पाठच करून ठेवावा. याच रीतीने गेबलची तिरपी रेघ भिंतीत बुजलेली दिसली तर भिंत नंतर उंच केलेली असते. खालच्या भागात दगड लहान आणि वर मोठे व सरळ थरांत असतील तर तिथेही दोन काळ एकमेकांवर उभे आहेत.

बायबरीतील आर्लिंग्टन रो या रांगेसमोर कोल्न नदीच्या पलीकडून उभे राहून हा अभ्यास करावा, कारण तिथे घराचे दोन जन्म एकत्र पाहता येतात. ही इमारत १३८० च्या सुमारास मठाच्या लोकरीचे कोठार म्हणून बांधली गेली आणि सतराव्या शतकात तिच्यात भिंती घालून विणकरांची घरे केली गेली. छप्पर एकाच लांब लाटेसारखे सलग असूनही दारे-खिडक्या आणि गेबल विस्कळीत अंतरांवर का, याचे उत्तर या इतिहासात आहे: कोठाराला खिडक्यांची रांग नको होती, माणसांना ती लागली, आणि जिथे खोली पडली तिथे भिंत फोडून उजेड घेतला गेला. समोरच्या पाणथळ कुरणात, रॅक आइल येथे, विणलेले कापड लाकडी मांडणींवर वाळत घालत. १९४९ पासून ही रांग नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे आणि तिथे आजही भाडेकरू राहतात.

कोठार लोकरीचे होते ही गोष्ट योगायोगाची नाही. या टेकड्यांवरची सगळी दगडी श्रीमंती मेंढीच्या पाठीवरून आली. चिपिंग कॅम्पडनच्या चर्चमध्ये १४०१ साली वारलेल्या विल्यम ग्रेव्हेल या व्यापाऱ्याच्या थडग्यावरील पितळी पत्र्यात त्याला साऱ्या इंग्लंडमधील लोकर-व्यापाऱ्यांचे भूषण म्हटले आहे, आणि त्याचे घर आजही तिथल्या मुख्य रस्त्यावर उभे आहे.

दारावर किंवा गेबलवर साल कोरलेले असेल तर आनंद जरूर मानावा, पण लगेच विश्वास ठेवू नये. बहुधा सालाबरोबर तीन अक्षरे त्रिकोणात असतात: वर आडनावाचे आद्याक्षर, खाली नवरा आणि बायको यांच्या नावांची. ते साल घर बांधल्याचे असू शकते, लग्नाचे असू शकते, किंवा नुसते नवे छप्पर घातल्याचेही असू शकते. भिंतीत सापडलेला क्रम आणि कोरलेले साल यांचा मेळ बसत नसेल तर भिंतीवर अधिक भरवसा ठेवावा.

जुने दिसणारे नवे

अनुभवी माणसालाही फसवणारी घरे या भागात आहेत, कारण जुन्या पद्धतीवर प्रेम करणाऱ्या वास्तुविशारदांनीच ती बांधली. कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस यांनी १८७१ साली केल्म्स्कॉटचे जुने घर भाड्याने घेतले आणि १८७७ साली प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. त्यांच्या विचाराने भारलेले अर्नेस्ट गिम्सन आणि बार्न्सली बंधू १८९३ मध्ये या टेकड्यांवर राहायला आले आणि पुढे सॅपर्टन गावात त्यांनी जुन्या रीतीने घरे उभारली, तर वास्तुविशारद सी. आर. ॲशबी यांनी १९०२ मध्ये आपले कारागीर लंडनहून चिपिंग कॅम्पडनला आणले. केल्म्स्कॉटमध्ये मॉरिस यांच्या स्मरणार्थ बांधलेली जोडघरे फिलिप वेब यांनी १९०२ साली आखली, तरी ती तिथल्या जुन्या घरांत सहज मिसळून जातात. स्टँटन हे गाव तर सर फिलिप स्टॉट यांनी १९०६ ते १९३७ या काळात इतक्या काळजीने दुरुस्त करून घेतले की त्याचे आजचे एकसंध रूप मोठ्या प्रमाणात त्यांच्या निवडीचे फळ आहे. अशा घरांना मी नक्कल म्हणणार नाही, त्यातले काम अस्सल आहे. फक्त त्यांच्या भिंतीत सांधे, बुजवलेली दारे आणि चुकलेले क्रम सापडत नाहीत. सगळे फार नीट जुळलेले असेल तर सावध व्हावे.

उघडा दगड हाही काही ठिकाणी नंतरच्या पसंतीचा भाग आहे. डबराच्या कितीतरी भिंतींवर पूर्वी चुन्याची सफेदी किंवा पातळ गिलावा असे. वळचणीखालच्या किंवा खिडकीच्या कडेच्या आडोशाच्या जागी चुन्याचे पांढरे अवशेष शोधावेत.

आत जायला मिळाले तर

काही जुन्या घरांत आता खाणावळी किंवा पर्यटकांसाठी खोल्या आहेत, तिथे आत पाहता येते. सरळ चुलाणापाशी जावे. त्याच्या तोंडावरची ओकची जाडजूड तुळई टॉर्चचा झोत बाजूने टाकून पाहिली की थेंबाच्या आकाराचे काळे जळके डाग दिसतात. ते ठिणगीने पडलेले नसून मेणबत्ती किंवा वात मुद्दाम धरून उमटवलेले असतात आणि आगीपासून किंवा वाईट शक्तींपासून संरक्षण म्हणून ते केले असावेत असे अभ्यासक मानतात. त्याच तुळईवर किंवा दाराच्या चौकटीवर कर्कटकाने ओढलेले सहा पाकळ्यांचे फूलही कधी दिसते. चुलाणाशेजारी छोटे दार असेल तर ते जिन्याचे असते. धुराड्याच्या पोटाला बिलगून वळत जाणारा हा जिना इतका अरुंद असतो की मोठे लाकडी सामान वर खिडकीतून न्यावे लागते. छपराचे वासे दिसत असतील आणि ते काजळीने काळे असतील, तर घर धुराडे येण्याआधीचे असण्याची शक्यता आहे, आणि ही या सगळ्या शोधातली सर्वांत मोठी खूण म्हणावी लागेल.

अशा घराची देखभाल

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या ज्यांनी असे घर घेतले आहे किंवा घ्यायचा विचार केला आहे त्यांनी एक गोष्ट सर्वांआधी शिकावी: दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्यानेच भराव्यात, सिमेंटने कधीही नाही. जुनी भिंत पाऊस पिते आणि तो ओलावा चुन्याच्या दरजांमधून पुन्हा हवेत सोडते. सिमेंटच्या दरजा दगडापेक्षा कठीण आणि बंदिस्त असतात, त्यामुळे ओलावा दगडातूनच बाहेर पडू लागतो, थंडीत तिथेच गोठतो आणि दगडाचा चेहरा पापुद्र्यांनी गळतो. काही वर्षांत दगड आत जातो आणि सिमेंट चौकटीसारखे बाहेर उरते. अशी भिंत एकदा ओळखली की गावोगाव दिसू लागते. घरातली ओल पाहून आतून जलरोधक रंग किंवा सिमेंटचा गिलावा चढवला तर दुखणे वाढतेच. आधी बाहेरची माती घरातल्या जमिनीच्या पातळीपेक्षा वर चढली आहे का, पन्हळ गळते का, कौल सरकले आहे का हे तपासावे.

जुन्या दरजा हाताच्या हत्यारांनी काढाव्यात. यंत्राच्या चकतीने दगडाच्या कडा कापल्या जातात आणि ते नुकसान भरून येत नाही. चुन्याचे काम पाच अंश सेल्सियसपेक्षा कमी तापमानात किंवा हिम पडण्याची शक्यता असताना करू नये, आणि केलेले काम ओल्या गोणपाटाने झाकून सावकाश सुकू द्यावे. बदलायचा दगड खाणीत जसा आडव्या थरांत पडलेला होता तसाच भिंतीत आडवा बसवावा. थर उभे राहिले तर पानेच्या पाने सुटतात.

शेवटचे काम कागदपत्रांचे. हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्था संरक्षित इमारतींची राष्ट्रीय यादी चालवते आणि ती इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. यादीत तीन श्रेणी आहेत: पहिली, दुसरी तारांकित आणि दुसरी साधी. आर्लिंग्टन रो पहिल्या श्रेणीत आहे, तर एकूण नोंदींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक इमारती दुसऱ्या साध्या श्रेणीत मोडतात. १७०० पूर्वीची आणि मूळ रूपात बऱ्यापैकी टिकलेली इमारत बहुधा यादीत असतेच. आपला क्रम वहीत लिहून झाल्यावरच नोंद उघडावी, म्हणजे स्वतःच्या डोळ्यांची परीक्षा होते. बऱ्याच जुन्या नोंदी थोडक्यात आणि केवळ बाहेरून पाहून लिहिलेल्या आहेत, त्यामुळे आपल्याला दिसलेला सांधा नोंदीत नसला तर लगेच स्वतःला चुकीचे मानू नये. घरमालकाने मात्र हे नीट वाचावे की संरक्षण आतल्या भागालाही लागू असते, नोंदीत त्याचा उल्लेख असो वा नसो. इमारतीच्या वैशिष्ट्याला धक्का लावणारा बदल परवानगीशिवाय करणे हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. म्हणून गवंड्याला बोलावण्याआधी स्थानिक परिषदेच्या संवर्धन अधिकाऱ्याला विचारावे.